ब्रेकला तेल

काबूलची लढाई चालू होती त्या सालची गोष्ट. कल्याणच्या लष्करी गाडीखान्यातून तोफांचं अवजड सामान चार चाकांच्या मोठ्या गाड्यांतून जायचं. अशीच एक भरलेली गाडी खडवलीच्या उतारावर सुटली आणि थेट नदीच्या दगडांत जाऊन आदळली. डावा बैल जागीच मेला. गाडीवान काळुरामचा हात कोपरातून मोडला.

गाडीखान्याचा दरोगा महिपत. त्याने त्याच संध्याकाळी गाडीखान्याच्या गोऱ्या साहेबाला सांगून टाकलं, "गाडीवानाने ब्रेक ओढलाच नाही. झोपला होता." साहेबाने हुकूम दिला, याला ठाण्याच्या कोर्टात उभा करा. मोडका हात गळ्यात बांधलेल्या काळुरामला शिपायांनी भर बाजारातून चालवत नेलं आणि गाडीखान्याच्या कोठडीत बसवलं.

गाड्यांची दुरुस्ती गोपीनाथ मिस्त्रीकडे होती. आवाज मोठा, डोकं तापट. त्याने कोठडीच्या गजांपाशी जाऊन विचारलं, "खरं सांग. ओढलास का ब्रेक?"

"ओढला रे मिस्त्री," काळुराम म्हणाला. "दांडा पुरा फिरवला. हाताची सालटं निघाली. पन चाक थांबला नाय. आता कोन मानतंय माजा?"

गोपीनाथ सकाळी दोन माणसं घेऊन खडवलीला गेला. महिपतही मागोमाग आला, कशाला ते त्यालाच ठाऊक. सामान उतरवून गाडी दगडांतून बाहेर काढली होती. ब्रेक साधाच होता: दांडा फिरवला की लोखंडी सळई ओढली जायची आणि दोन लाकडी ठोकळे मागच्या चाकांच्या धावांवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर, दाबले जायचे.

गोपीनाथने दांडा बघितला. तो पुरता आवळलेलाच होता. सळई ताठ होती, आणि ठोकळे धावांना चिकटले होते.

"हे बघ, महिपतराव. झोपलेला माणूस ब्रेक असा आवळतो?"

"आपटल्यावर आवळला असेल."

"मोडक्या हाताने?"

गोपीनाथने माणसांना गाडी ढकलायला सांगितली. ब्रेक आवळलेला असूनही चाकं सुळसुळत फिरली. त्याने धावेवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. एरंडेल! ठोकळा काढून त्याने लाकूड तासायच्या वाकसाने वरचा पापुद्रा उडवला. आतलं लाकूडही काळं, तेलाने भिजलेलं. आणखी तासलं, तरी तेल.

"हे एका दिवसाचं सांडलेलं नाही," तो म्हणाला. "कुणी रोज घातलंय ब्रेकला तेल?"

बरोबरचा धाकू खाली बघत म्हणाला, "दरोगासाहेबांनी सांगितलं होतं. बंगल्यावरून जाताना ब्रेक किंचाळायचा. साहेबांची घोडी बिथरायची."

गोपीनाथच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. "बिजागरीला तेल घालतात, आसाला घालतात. ब्रेकला? अरे, ज्याने घासून धरायचं, त्यालाच तुम्ही निसरडं केलंत! आणि वर त्या गरिबाला झोपाळू ठरवलंत?"

"मला वरून बोलणी बसत होती," महिपत पुटपुटला.

"मग घोडीचा रस्ता बदलायचा होता!"

त्याने भिजलेले ठोकळे नदीत फेकू दिले नाहीत. कापडात बांधून घेतले. कल्याणला परतून त्याने वाळलेल्या बाभळीचे नवे ठोकळे घडवले, चाकाच्या गोलाईला नीट बसतील असे कोरले, धावा राख आणि वाळूने घासून कोरड्या केल्या. मग गाडी पुन्हा भरून दुर्गाडीच्या उतारावर नेली आणि दांडा स्वतः हातात घेतला. अर्ध्या उतारावर त्याने ब्रेक आवळला. कानठळ्या बसवणारी किंकाळी उठली आणि गाडी जागच्या जागी थांबली. वर उभ्या असलेल्या साहेबाने हे पाहिलं. गोपीनाथने त्याच्यासमोर जुने ठोकळे टाकून सगळं सांगितलं.

साहेबाचं दुभाष्याकडून उत्तर आलं: "गाडीवानाला सोडा. उद्यापासून कामावर यावं. यापुढे ब्रेकला तेल नको."

"एवढंच?" गोपीनाथने विचारलं. साहेब निघून गेला होता.

कोठडीच्या दाराशी काळुरामची बायको तुळसा उभी होती. तिला हे कळलं तेव्हा तिचे डोळे पेटले. "माज्या नवऱ्याला शिपायांनी बाजारातून फिरवला, तवा सगल्यांनी बघितला. सोडताना मात्र गुपचूप? ज्याने खोटा सांगितला, त्यानेच सगल्यांसमोर खरा सांगायचा."

तिचं बोलणं रातोरात गाडीवानांत पसरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकानेही बैल जुंपले नाहीत. रांगेत गाड्या उभ्या, जवळ बैल रवंथ करताहेत, आणि माणसं हाताची घडी घालून बसलेली. रेल्वेवर पोचवायचा माल खोळंबला. महिपतने दम दिला, मग गोड बोलून बघितलं. गुणाजी नावाचा म्हातारा गाडीवान एवढंच म्हणाला, "आमाला पन उतार आहेत, दरोगा."

दुपारी महिपतला साहेबाचा निरोप आला: खरं काय ते सगळ्यांसमोर सांग. महिपत आवाराच्या मधोमध येऊन उभा राहिला. "काळुरामची चूक नव्हती," तो ओठातल्या ओठात म्हणाला.

"मोठ्याने!" गोपीनाथ ओरडला. "बाजारात ऐकू जाऊ दे."

"काळुरामने ब्रेक ओढला होता! तेल मी घालायला लावलं!"

कोठडीतून सुटलेला काळुराम तुळसाबरोबर तिथेच उभा होता. माफी महिपतने मागितली नव्हती, आणि मेलेला बैल कुणीच परत आणणार नव्हतं. तुळसाने पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं. "चल," ती म्हणाली. "हात बरा होईस्तवर कुनाची गाडी हाकायची नाय."

गाडीवान उठले आणि आपापले बैल जुंपू लागले.