शशांकचं बाळंतपण

शशांकनं भरसभेत माईकवर सांगितलं, "हे सदर माझं नाही," आणि पुरस्कार आत्याच्या ओटीत घातला. बरं, हे झालंच नाही असं धरा. सभा अजून सुरू व्हायचीय.

म्हैसूरच्या 'कपिला' या मराठी साप्ताहिकात 'जुनं ते जुनं' हे सदर तीन वर्षं शशांक घोरपडेच्या नावानं येतं. वय एकोणतीस, नोकरी हेब्बाळच्या कारखान्यात. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी येते. मराठी मात्र बस, ऊठ, जेव, पुरे एवढीच. भागीरथीआत्याचं उलटं. तिची मराठी थांबवली तरी थांबत नाही, पण शिक्षण कन्नडमधून, त्यामुळे देवनागरी म्हणजे मुंग्यांची रांग. दोघांचा मिळून एक लेखक झाला. ती सांगायची, तो उतरवायचा.

"नाव माझंच घालतोस ना रे?"

"हो आत्या."

वर फोटो स्वतःचा. म्हणून अंक तिच्या हाती लागू द्यायचा नाही.

एरवी तो अर्थ कन्नडमध्ये विचारून आठवणी स्वतःच्या वयाला बेतून घ्यायचा. गेल्या महिन्यात घाई झाली, आणि एच. डी. कोटेच्या वाटेवर बैलगाडीत झालेलं पहिलं बाळंतपण जसंच्या तसं छापून आलं. शेजारी त्याचा मिशीवाला फोटो. अकरा वाचकांनी गहिवरून पत्रं लिहिली. एकानं बाळाची तब्येत विचारली. मराठा मंडळानं त्याच लेखाला पुरस्कार दिला.

सभेत आत्या पहिल्या रांगेत. अध्यक्ष मल्हारराव लेख वाचू लागले, "बैल थांबले, मी सासूबाईंचा हात घट्ट धरला…" आत्या त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती.

"असे अनुभवसंपन्न आपले शशांकराव!"

"कोण?" आत्यानं शेजारच्या रम्याला विचारलं.

"शशांकअण्णा, अज्जी. त्यांनीच लिहिलंय."

"अय्यो, बाळंत मी झाले की गं!"

मग तीही टाळ्या वाजवू लागली. जरा उशिरा. सगळ्यांत जास्त वेळ.

धरणीनं पोटात घ्यावं असं शशांकला वाटलं; पण सभागृह दुसऱ्या मजल्यावर, खाली भांड्यांचं दुकान. तो माईककडे गेला. "हे सदर माझं नाही. आत्याचं…" इथं त्याची मराठी संपली. उरलेलं कन्नडमध्ये कबूल केलं आणि पुरस्कार तिच्या ओटीत घातला.

"काय हा विनय!" मल्हारराव गहिवरले. पुन्हा टाळ्या.

रिक्षात अंकातला फोटो बघून आत्या एवढंच म्हणाली, "मिशी तरी काढायचीस रे."

दुसऱ्या दिवशी त्यानं कन्नडमध्ये अर्ज केला:

"मा. संपादक यांस, बाळ त्रेपन्न वर्षांचं असून ठीक आहे, हे संबंधित वाचकास कळवावे. तसेच मागील सर्व अंक, पुड्यांसाठी बज्जीवाल्यांकडे गेलेल्या प्रतींसह, परत मागवून, माझ्या फोटोच्या जागी श्रीमती भागीरथीबाईंचा फोटो घालून, त्यांना स्वतः वाचता यावेत म्हणून कन्नड लिपीत पुन्हा छापून घरोघरी पोचवावेत, ही नम्र विनंती."