ओटीपर्यंत

नांदवेळच्या एसटी स्टँडवर उतरल्याउतरल्या भागीरथीने फडक्याची गाठ सोडली आणि नवऱ्यापुढे तांदळाची भाकरी ठेवली. पाण्याची बाटलीही तिने अंबरनाथहून, मोरिवलीतल्या घरच्या नळावरून भरून आणली होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही शिवरामच्या घराण्याची रीत. म्हणून पोट भरूनच लेकीच्या दारात जायचं. बापजाद्यांच्या भातशेतीवर कारखाने उभे राहिले, त्यातल्याच एकात शिवराम नोकरीला लागला आणि निवृत्तही झाला. सगळं सुटलं, तेवढी रीत मात्र त्याने घट्ट धरून ठेवली होती.

"विहीणबाय पाठवते म्हनाली तर आज पोरीला घेऊनच जाव," भागीरथी म्हणाली.

"ती म्हनाली तर," शिवराम म्हणाला आणि हात धुतले.

लेकीचं, मनालीचं लग्न वैशाखात झालं होतं. आषाढात नवी सून माहेरी यायची, म्हणून ती दोघं आणायला आली. समुद्र गढूळ झालेला, होड्या वर ओढून झाकलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मनालीची सासू सगुणाबाई म्हणाली, घरात कामं फार, पुढल्या वेळी पाठवू. नारळी पुनवेला दोघं पुन्हा आली, तेव्हाही पुढल्या वेळीच. दिवाळसणाला जावई अमित एकटाच अंबरनाथला आला, मानपान घेऊन गेला. संक्रांतीला दोघं हलव्याचे दागिने घेऊन आली, तर गाव पर्यटकांच्या गाड्यांनी फुललेलं आणि पोरगी अर्धी झालेली. फोन करावा तर तिचा मोबाइल जावयाच्या खिशात.

दर वेळी सगळं तस्संच. ही दोघं ओटीवर बसायची. सगुणाबाई आत तोंड करून म्हणायची, चुलीपाशी आहे, येईल हो. मग बऱ्याच वेळाने मनाली घराला वळसा घालून धापा टाकत यायची, खांबाला टेकून बसायची आणि बापाच्या गुडघ्यांची चौकशी करायची. चुलीपाशी असलेल्या पोरीचे पाय घोट्यापर्यंत वाळूने माखलेले असायचे. भागीरथीने घरी गेल्यावर नवऱ्याला हे बोलून दाखवलं होतं. समुद्राच्या गावात वाळू नसेल तर काय असेल, असं म्हणून त्याने विषय मिटवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची त्याला धास्ती होती. भागीरथीला त्याचा राग यायचा. पण मूठ उघडण्याची भीती तिलाही तेवढीच होती.

आज शिमग्याचा दुसरा दिवस. सगुणाबाईने हसून चटई टाकली.

"बसा विहीणबाय. चुलीपाशी हाय, येल."

मनाली आली ती मागच्या बाजूनेच. पदराने तोंड पुसत होती. पायाला वाळू होती आणि हाताला फिनेलचा वास.

"बरी हायस ना गो?" भागीरथीने विचारलं.

"बरी हाय," मनालीने सासूकडे बघून सांगितलं.

नवऱ्याकडे न बघता भागीरथी म्हणाली, "मना तान लागलीय, पानी दे."

शिवरामने मान वर केली. सगुणाबाई चटकन उठली, "मी आनते," म्हणाली.

"लेकीच्या हातचा दे," भागीरथी म्हणाली आणि उंबरा ओलांडून मनालीच्या पाठोपाठ आत शिरली.

स्वयंपाकघर मोठं होतं. मनाली मधोमध उभी राहिली. तिने एक फळी पाहिली, मग दुसरी. कपाट उघडलं तर पिठाचे डबे निघाले. ते बंद करून ती पुन्हा खोलीभर बघत राहिली. सणांमागून सण गेले, आणि ह्या घरच्या सुनेला पाण्याचा पेला कुठे असतो ते माहीत नव्हतं.

"तिथं नाय. माठाच्या मागं," चुलीपाशी बसलेली बाई म्हणाली. ती मासे तळत होती. गळ्यात मंगळसूत्र होतं आणि दिवस भरत आलेले होते.

"ही कोन?"

मनालीने पेला भरला. "ह्यांची पयली. आमच्या लग्नाच्या आधीपासून हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मी हितं नाय रायत. किनाऱ्यावर ह्यांच्या खोल्या हायेत ना, पर्यटकांच्या, तिकडं रायते. झाडू-फरशी करते, चादरी धुते. तुमी आलाव का मना हितं बोलवून घेतात."

"मंग बोलली का नाय आमाला?"

"कवा बोलू? तुमी ओटीवरनंच उठून जाताव."

भागीरथीने पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग लेकीचं मनगट धरून ती बाहेर आली.

शिवराम उभाच होता. "पोरीच्या घरचा पानी पिलीस तू?"

"ह्ये पोरीचा घर नाय," भागीरथी म्हणाली. "आत जाऊन बघ. तिचा घरच नाय हितं."

शिवरामने आत पाहिलं. चुलीपुढची बाई कमरेवर हात ठेवून दारात आली होती. तिच्या पोटाकडे आणि गळ्याकडे तो बघत राहिला. मग खाली बसून त्याने चपला घातल्या; पट्टा काही केल्या त्याला लागेना.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल येऊन थांबली. अमितने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि हसून म्हणाला, "अरे वा, माहेरी निघाली वाटतं. जाऊ दे की. बॅग तेवढी तिकडं खोलीवर हाय. मनाली, बस मागं, घेऊन येऊ."

मनाली निमूटपणे एक पाऊल पुढे झाली. भागीरथीने मनगट सोडलं नाही.

"बॅग रावदे," ती म्हणाली.

"मामी, पाच मिनिटांचं काम हाय."

"रावदे म्हनते ना."

शिवराम उठला आणि मोटारसायकल आणि मनाली यांच्या मधे जाऊन उभा राहिला. अमितने गाडी बंद केली नव्हती. सगुणाबाई ओटीवरची चटई गुंडाळू लागली.

तिघं फाटकाबाहेर पडली. ऊन कलत आलं होतं. स्टँडकडे जायला एकच रस्ता होता, किनाऱ्यावरच्या खोल्यांपुढून. मनालीची चाल मंदावली. मागे मोटारसायकलचा आवाज वाढला, फाटकाशी आला आणि त्यांच्या मागोमाग सावकाश येत राहिला. भागीरथीने वळून पाहिलं नाही. तिने लेकीला मधे घेतलं, नवऱ्याला पलीकडून चालायला सांगितलं.