उलटी फेरी

शाळेत मला दोनच गोष्टी नीट जमायच्या. एक पळणं आणि दुसरं गणिताच्या तासाला खिडकीतून मैदानाकडे बघत बसणं. मैदान डोंगराच्या अंगावर कसंबसं चिकटवलेलं होतं, त्यामुळे एक टोक वर आणि दुसरं खाली. झेंड्याचा खांब लांब बाजूच्या मधोमध. शर्यत तिथून सुरू व्हायची. आधी उतार, खालचं वळण, मग पलीकडचा सगळा चढ, वरचं वळण आणि शेवटी पुन्हा उतारावरून थेट खांबापाशी. त्या शेवटच्या उतारावर मला कुणी धरू शकत नव्हतं. म्हणून तर नाव पडलं भिंगरी.

आमचे खेळाचे सर म्हणजे माझा सख्खा मामा. घरी ‘मामा, तू’ आणि फाटकाच्या आत ‘सर, तुम्ही’. चुकलं की मैदानाला एक फेरी जास्त. मामा याच शाळेत शिकत असताना एकदा खाली शहरात मोठ्या स्पर्धेला गेला होता आणि शेवटचा आला होता. ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना हसत सांगायचा. “खाली सगळंच उलटं. पळवतातसुद्धा उलटं! आणि आपली छाती पडली कमी. जे नाही ते नाही.” त्यानंतर आमच्या शाळेला कुणी बोलावलंच नाही. या वर्षी बोलावलं. एकच मुलगी पाठवायची होती, आणि चांगली पळाली तर क्रीडा वसतिगृहात कायमची जागा. एकच म्हणजे मी, यात कुणाला शंका नव्हती. मला तर अजिबात नव्हती. मी बॅगेत काय भरायचं तेही ठरवून टाकलं होतं.

आणि मग गणिताच्या नव्या बाई कपभर चहा घेऊन मैदानावर आल्या.

“सर, तुमची मुलं उलटी का पळतात?”

“उलटी म्हणजे?” मामा म्हणाला.

“सगळीकडे डावा हात आतल्या बाजूला ठेवून पळतात. तुमच्या मुलांचा उजवा आहे.”

मामा हसला. आम्हीही हसलो. शहरातून आलेल्या माणसाला मैदानही उलटं दिसणारच. पण मामाचं हसू अर्ध्यातच थांबलं. “खाली तसंच पळवतील, नाही का?” तो म्हणाला आणि शिट्टी वाजवली. “चला, आज उलटी फेरी.”

उलटी फेरी म्हणजे सुरुवातीलाच चढ आणि शेवटीही चढ. मी पाचवी आले. पाचवी! पहिली आली काठी, माझ्याच बाकावर बसणारी उंच किडकिडीत मैत्रीण, जी आजवर कधी चौथ्या नंबराच्या वर आली नव्हती. तिलाही काही कळेना. ती खांबाला धरून उभी राहिली आणि माझ्याकडेच बघत म्हणाली, “अगं, तुला बरं नाही का?”

मला वाटलं, पोटात काहीतरी बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळाले, पुन्हा तेच. मग मी गणिताच्या तासाला आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. अख्खा वर्ग वळून बघायला लागला.

“बाई, उलटं पळताना चढ जास्त असतो ना?”

बाईंनी फळ्यावर मैदान काढलं. “जिथून निघालीस तिथेच परत येतेस. म्हणजे जेवढी चढतेस तेवढीच उतरतेस. कुठूनही पळ. चढ तेवढाच, उतार तेवढाच. बेरीज शून्य.”

“मग मी का हरते?”

बाईंनी खडू खाली ठेवला. “ते गणितात नाही येत,” त्या म्हणाल्या. प्रामाणिक होत्या, पण माझा उपयोग काय? डोकं नुसतं भणभणलं. चढ तेवढाच, उतार तेवढाच, पाय माझेच, मग वेग कुणाचा? माझा की उताराचा? मी रात्री आईला विचारलं, तर ती म्हणाली, “जेव आधी.”

मामाची अवस्था माझ्याहून वाईट. भाचीला पाठवावं तर लोक म्हणणार घरचीच पोर पाठवली. काठीला पाठवावं तर तीही उलट्या चढामुळेच जिंकलेली. खाली मैदान सपाट, तिथे ना चढ ना उतार. आणि आमच्या अख्ख्या गावात सपाट म्हणावी अशी जागा नाही. बाजार उतरता, रस्ता वळता, बसथांब्यावर गाड्यांच्या चाकांखाली दगड लावावे लागतात.

शेवटी काठीनेच सुचवलं. “सर, व्हरांडा?”

बाईंनी व्हरांड्यात फरशीवर गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. झालं, ठरलं. शाळा सुटल्यावर मी आणि काठीने कार्यालयापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि परत, मामा शिट्टी वाजवेपर्यंत पळायचं, तेव्हा जी पुढे ती जिंकली. दोन्ही टोकांना बाकं लावली. शिपाईकाका दार धरून उभे राहिले, कुणी मधेच बाहेर येऊन आपटू नये म्हणून.

मी जीव तोडून पळाले. पहिल्या काही खेपा मी पुढे होते. मग पाय जड झाले आणि मला कळलं की माझे पाय कशाची तरी वाट बघताहेत. प्रत्येक वेळी वाटायचं, आता उतार येईल. येत नव्हता. नुसती फरशी, फरशी आणि शेजारून जाणारी काठीची वेणी. ती जिंकली. चांगली खणखणीत जिंकली, कुरकुर करायला जागाच ठेवली नाही.

“काठी जाईल,” मामा म्हणाला. माझ्याकडे न बघताच म्हणाला.

काठी मला मिठी मारायला आली. मी तिला झटकलं आणि मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन हमसून हमसून रडले. मला खूप राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. काठीचा नाही, बाईंचा थोडासा, मामाचा पुष्कळ, आणि त्या वाकड्या मैदानाचा सर्वांत जास्त.

बाहेर आले तेव्हा शाळा रिकामी होती. मैदानावर मात्र कुणीतरी पळत होतं. मामा. ऑफिसचे बूट, सुटलेलं पोट, गळ्यात शिट्टी नाचतेय. डावा हात आत. उलटी फेरी.

“सर, काय करताय?” मी खांबापाशी जाऊन ओरडले.

तो थांबला नाही. माझ्यासमोरून जाता जाता धापा टाकत म्हणाला, “व्हरांड्यात तुझे पाय पाहिले. शेवटी वाट बघत होते ना?”

“हो.”

“माझेही बघत होते. खाली. मला वाटलं छाती कमी पडली.”

तो पुढे गेला. मी तिथेच उभी. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकून आम्ही हसत होतो, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसत होता. मला माझं जे कळलं ते याच आठवड्यात कळलं. त्याला त्याचं आत्ता, केस पिकल्यावर.

तो फेरी मारून परत आला तेव्हा मीही त्याच्याबरोबर सुटले. पहिला चढ बरोबरीने गेलो. पलीकडच्या उतारावर मी नेहमीसारखी सुसाट, त्याला पार मागे टाकलं. खालचं वळण घेतलं आणि शेवटचा चढ लागला. माझे पाय दगड झाले. मागून बुटांचा आवाज जवळ आला, शेजारी आला आणि पुढे गेला.

मी दमले होते हे खरं, रडून तर जास्तच. पण मी त्याला मुद्दाम जिंकू दिलं असं नाही. मामा खरोखर जिंकला.

खांबाला हात लावून तो वाकून उभा राहिला. मग त्याने मान वर केली. डोळे भरले होते.

“छाती आहे गं,” तो म्हणाला.

“आहे, मामा,” मी म्हणाले.

फाटकाच्या आत मामा म्हटलं म्हणून त्याने फेरी दिली नाही.