ताईबाई नावाचा लेयर

गौतमी शिरूरला अनुपमा मॅडमच्या फ्लेक्सच्या दुकानात लागली, तेव्हा तिला माणसाचा चेहरा नीट रंगवता येत नव्हता. दौंडला कॉलेजात असताना ती मोबाईलवर बोटानं चित्रं काढायची आणि मैत्रिणी वाहवा करायच्या. मॅडमनी ती चित्रं एकदाच पाहिली.

"सगळी माणसं पावडर थापून बसल्यासारखी दिसतायत," त्या म्हणाल्या.

दुकानात वाढदिवसाचे, उद्घाटनाचे बॅनर होतच. पण मॅडमचं नाव होतं ते डिजिटल पेंटिंगसाठी. लोक फोटो आणून द्यायचे. मॅडम पेन टॅबलेटवर तो माणूस नव्यानं रंगवायच्या, कॅनव्हासवर छापायच्या आणि फ्रेम करून द्यायच्या. जवळ जाऊन पाहिलं तरी हातानं काढलेलं वाटायचं.

"लेयर म्हणजे काचांची चळत समज," त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं. "सगळ्यात खालच्या काचेवर कातडीचा सपाट रंग. तिच्यावर सावलीची काच. तिच्यावर उजेडाची. चुकलीस तर तेवढीच काच पुसायची. खालचा माणूस शाबूत राहतो."

गौतमी शिकत गेली. मऊ ब्रश सगळीकडे फिरवला की माणूस रबराचा होतो, म्हणून गालाच्या हाडाशी, नाकपुडीशी कडक ब्रशनं कड धरायची, हे तिला दोन महिन्यांनी जमलं. सावलीत काळा टाकायचा नाही, हे जमायला त्याहून वेळ लागला. कातडीच्या सावलीत तांबडं असतं, जांभळट असतं. ती एसटीत समोर बसलेल्या माणसांच्या मानेखालची सावली बघत राहायची आणि बायका तोंड फिरवून घ्यायच्या. वर्षभरात मॅडम तिच्या हातात अख्खं चित्र सोपवायला लागल्या.

जानेवारीत सुरेखा नावाची एक बाई दुकानात आली. निमोण्याच्या अलीकडच्या एका मळ्यावरची. तिनं मोबाईलवरचे सात-आठ फोटो दाखवले.

"सासऱ्यांची एकसष्टी हाय. हौशीराम आबा. सोसायटीचे चेअरमन हायेत. सहा बाय चारचं करायचं, स्टेजवर सगळ्यांसमोर पडदा काढणार हाय." मग तिनं एक फोटो बोटांनी मोठा केला. "ही गालावरची खूण तेवढी घालवा बरं का. आबांना न्हाई आवडत. जुनं हाय, बैलाचं शिंग लागलेलं."

गौतमीनं त्या गालाकडे पाहिलं. उजवा गाल. जबड्यापासून डोळ्याच्या दिशेनं वर गेलेला, टोकाला वळलेला व्रण. तिनं हा माणूस कधी पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं. व्रण मात्र तिला माहीत होता.

वीस वर्षांपूर्वी तिची आई ताईबाई याच हौशीरामच्या मळ्यात खुरपायला जायची. एका दुपारी बाकीच्या बाया पाणी प्यायला गेल्या, आणि त्यानं मक्यात तिचा हात धरला. तिच्या दुसऱ्या हातात खुरपं होतं. तिनं ते खालून वर ओढलं.

दुसऱ्या दिवशी गावात दोन गोष्टी पसरल्या. हौशीरामला बैलानं मारलं, आणि ताईबाईनं मोटारीची केबल चोरली. तिला पारावर बोलावलं. सगळ्या गावासमोर हौशीरामनं तिची पिशवी उपडी केली. भाकरीचं फडकं पडलं, कांदा पडला, पाच वर्षांच्या गौतमीचा उसवलेला फ्रॉक पडला. केबल नव्हती. तरी कुणी काही बोललं नाही. ताईबाईनं खाली वाकून एकेक वस्तू गोळा केली. त्याच आठवड्यात तिचा नवरा म्हाळू यानं बिऱ्हाड दौंडला हलवलं आणि तो कुरकुंभच्या एका कंपनीत लागला. ही गोष्ट आईनं गौतमीला एकदाच सांगितली होती, ती बारावीला असताना. नंतर घरात विषय नाही.

"करते," गौतमी सुरेखाला म्हणाली. "चांगलं करते."

त्या चित्रावर ती अकरा दिवस बसली. पहिल्या दिवशी तिच्या डोक्यात भलतंच काही होतं. डोळे बारीक करावेत, ओठ वाकडे करावेत. मग तिला कळलं, विद्रूप केलं तर लोक चित्राला नावं ठेवतील, माणसाला नाही. तिला तो हुबेहूब हवा होता, बघणाऱ्याला हात लावावासा वाटेल इतका. फेट्याची घडी न् घडी, मिशीतला पांढरा केस, पापणीखालची पिशवी, सगळं तिनं जीव लावून रंगवलं. इतकी वर्षं घरात कुणी ज्याचं नाव काढलं नव्हतं, त्या माणसाचा चेहरा ती त्याच्या बायकोपेक्षा जास्त ओळखायला लागली. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तो तिच्याकडे बघून हसायचा. तीही हसायची.

शेवटी तिनं एक नवा लेयर घेतला आणि त्यावर व्रण रंगवला. व्रणाची कातडी वेगळी असते. तिच्यावर केस नसतात, छिद्रं नसतात, ती ताणलेली, चकचकीत असते. तिनं खालच्या कडेला जांभळट सावली दिली, वरच्या कडेला बारीक ब्रशनं उजेडाची एकच रेघ ओढली. गाल जिवंत झाला. लेयरला नाव द्यायचं होतं. तिनं टाइप केलं: ताईबाई.

सुरेखा चित्र पसंत करायला आली तेव्हा गौतमीनं त्या लेयरसमोरच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं. व्रण गेला. गाल लोण्यासारखा झाला.

"बया! दहा वर्षांनी तरणे दिसाय लागले की," सुरेखा खूश झाली. मॅडमनीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मॅडम शाई आणायला पुण्याला गेल्या. गौतमीनं डोळा पुन्हा उघडला आणि कॅनव्हास मशीनला लावला. त्या परत येईपर्यंत चित्र फ्रेम होऊन कागदात गुंडाळलेलं होतं.

एकसष्टीच्या दिवशी फ्रेम लावून द्यायला तीच टेम्पोत बसून गेली. मळ्यापुढं मांडव होता. फ्रेम स्टेजवर उभी करून तिनं वर मखमली कापड टाकलं आणि खांबाला टेकून उभी राहिली. ओवाळणं झालं, भाषणं झाली. मग हौशीराम स्वतः उठला आणि त्यानं दोरी ओढली.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरळ झाल्या. हौशीराम पहिल्यांदा कौतुकानं बघत होता. मग त्याचा हात आपोआप उजव्या गालाकडे गेला.

"अगं, मला दावलं तवा हे नव्हतं," सुरेखा कुजबुजली. पण भाषणांसाठी तिच्या हातात दिलेला माइक तसाच चालू होता आणि सगळ्या मांडवानं ते ऐकलं.

बायकांच्या बाजूला रंगुबाई नावाची म्हातारी बसली होती. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळं ती कायम मोठ्यानं बोलायची. ती चष्मा पुसून चित्राकडं बघत म्हणाली, "आता दिसतंय नीट. आगं, शिंग असं वळून वर जातं व्हय? ह्यो वार खुरप्याचाच हाय. मी तवाच म्हनलं हुतं."

"गप ग आजे!" कुणीतरी तिला दाबलं. पण मागच्या खुर्च्यांवर कुणाला तरी हसू आलं. ते हसू पुढं सरकत आलं.

"काढा ते!" हौशीराम ओरडला. "कुणी केलंय हे?"

गौतमी खांबापासून पुढं आली. "मी केलंय. मी ताईबाईची पोरगी."

"कोन ताईबाई?"

"जिची पिशवी तुम्ही पारावर उपडी केली ती. केबल सापडली का हो आबा नंतर?"

दोन पोरं फ्रेम उचलायला पुढं झाली, तेव्हा हौशीरामची बायको झुंबरबाई उठली. कार्यक्रमभर ती ओवाळणीचं ताट धरून गप्प बसली होती.

"हात लावू नका त्याला," ती म्हणाली.

"झुंबरे, घरात जा."

"त्या जखमंला म्हैनाभर हळद मी भरली. बैलाचं शिंग कसं लागतं ते मला दावू नका." तिनं पोरांकडं वळून पाहिलं. "आत न्या. सोप्यात लावा. दाराच्या समोर."

गौतमी रस्त्यापर्यंत चालत आली आणि तिथून एसटीनं शिरूरला गेली. गाडीत ती खिडकीकडं तोंड करून एकटीच हसत राहिली.

मॅडम दुकानात वाट बघत होत्या. सुरेखाचा फोन येऊन गेला होता. चित्राची फाइल समोर उघडी होती.

"ताईबाई कोण?" त्यांनी विचारलं.

"आई माझी."

गौतमीनं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी व्रणाचा तो लेयर मोठा करून बराच वेळ पाहिला.

"माझ्या हातून असा झाला नसता," त्या म्हणाल्या. "पण गिऱ्हाइकानं पसंत केलं एक आणि माझ्या दुकानातून गेलं दुसरं. उद्या माझ्याकडे कुणी आपल्या आईचा फोटो देईल का? मला सांगितलं असतंस, तर मी काम घेतलंच नसतं."

"म्हणून तर नाही सांगितलं, मॅडम."

"उद्यापासून येऊ नकोस, गौतमी."

हे मात्र तिला लागलं. हौशीरामबद्दल तिच्या मनात तिळाएवढी खंत नव्हती. पण ज्या बाईनं तिला सावलीतलं तांबडं दाखवलं, तिला आपण फसवलं, हे ती नाकारू शकत नव्हती. तिनं सॉरी म्हटलं. मॅडमनी मान हलवली आणि स्क्रीन बंद केला.

रविवारी दौंडला तिनं आईला मोबाईलवर चित्र दाखवलं आणि मांडवात काय झालं ते सांगितलं. आई खूश होईल, असं तिनं गृहीत धरलं होतं. ताईबाईनं मोबाईल लांब धरून पाहिला आणि मांडीवर पालथा ठेवला.

"मला का न्हाई इचारलंस?"

"तुला त्रास झाला असता."

"तरास? वार कुणी केला हुता? मी का तू?" तिचा आवाज चढला. "त्याचं त्वांड पडलेलं तू बघितलंस. रंगुबाईनं बघितलं. सगळ्या गावानं बघितलं. आन् मी? मी हितं भांडी घासत बसले हुते."

गौतमीनं तिच्या मांडीवरचा मोबाईल उचलून बाजूला ठेवला.

मंगळवारी ताईबाई ठेवणीतली निळी साडी नेसली. "चल," एवढंच म्हणाली. दोघी एसटीनं गेल्या. गावातून मळ्याकडं जाताना लोक ओट्यावरून बघत होते, आणि ताईबाई सावकाश चालली, सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून. वाटेतला पार आला तेव्हा तिनं तिकडं मान वळवली नाही.

हौशीराम सोप्यात बसला होता. दारात ताईबाई दिसली तसा तो उठला, आणि तिच्या अंगावरून, भिंतीला घासत बाहेर गेला. गोठ्याजवळ उन्हात जाऊन उभा राहिला.

झुंबरबाईनं दोघींना खुर्च्या दिल्या. चित्र समोरच होतं. ताईबाई उठून त्याच्या अगदी जवळ गेली. तिनं बोट पुढं केलं, लावलं नाही.

"लई बेस काढलंस," ती पोरीला म्हणाली.

"च्या घेशील का, ताईबाय?" झुंबरबाईनं विचारलं. पूर्वी या घरात ताईबाईला चहा मिळायचा तो गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात, तोही उकिडवं बसून.

"घेईन की," ताईबाई म्हणाली. "तुम्ही ज्या कपात घेता त्यात द्या."

झुंबरबाईनं तिघींसाठी सारखे कप आणले. दारातून गोठा दिसत होता. हौशीराम तिथंच होता, कधी या पायावर, कधी त्या पायावर, या कधी जातायत याची वाट बघत. त्यानं एकदा घराकडं पाहिलं आणि लगेच पाठ फिरवली. गौतमीनं कप खाली ठेवून पदराशी चाळा करणाऱ्या आईकडं पाहिलं. निघायची वेळ झाली, असं तिला वाटलं.

ताईबाईनं रिकामा कप झुंबरबाईकडं सरकवला.

"आजून एक घेईन म्हंते," ती म्हणाली आणि खुर्चीत मागं टेकून बसली.