घोंगडीचा कोट

लोकांना बोलतं करणं हा माझा धंदा आहे. समोरच्याच्या पोटातलं मी बरोबर ओठावर आणतो, असं आमच्या बाररूममध्ये म्हणतात आणि ते ऐकून मी खोटंखोटं लाजतो. त्यामुळं आमच्या वकील मंडळानं ज्येष्ठ वकिलांशी गप्पा मारून त्या चित्रित करायचं ठरवलं, तेव्हा प्रश्न विचारायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मालिकेचं नाव 'काळ्या कोटाच्या आत'. नाव मीच सुचवलं होतं.

सुरुवातीला मजा आली. कोर्टात मोजूनमापून बोलणारा वकील स्वतःबद्दल विचारलं की आवरत नाही. एका बाईंनी सांगितलं, त्या वकिलीला लागल्या तेव्हा बायकांना बसायला खोलीच नव्हती, ग्रंथालयात कपाटाच्या आड उभं राहून त्या डबा खायच्या. एकांनी एका रेड्यापायी पहिली केस कशी हरली ते इतकं रंगवलं की कॅमेरावाला हसून हसून बेजार झाला. एक जण वडिलांचा विषय निघाल्यावर म्हणाले, हे नको घेऊ. मी सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारायचो: गाव कुठलं, आईवडील काय करायचे? तोच प्रश्न मला कुणी विचारला तर माझं उत्तर ठरलेलं होतं. आम्ही फर्दापूरकडचे, घरची शेती.

शेती आमची नावाला होती, कुसळं उगवण्यापुरती. आमची मेंढरं होती. बाप लवकर गेला आणि माझी माय, सारजाबाई, कळप घेऊन रानोमाळ फिरत राहिली. सुगी झाली की लोकांच्या वावरात मेंढरं बसवायची, खत त्यांना आणि धान्य आम्हाला. यात लपवण्यासारखं काही नाही हे मला समजतं. पण नवीन वकील असताना कुणीतरी विचारलं, मी शेती म्हणून गेलो, आणि तेच पुढं चालू राहिलं. खोट्याचं जनावरासारखं असतं, एकदा दावणीला बांधलं की रोज चारा घालावा लागतो. पुंडलिकनगरात घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनाही मी तेच सांगितलं. माझी बायको रूपा घरात मला 'बागायतदार साहेब' म्हणून चिडवायची. मी हसण्यावारी न्यायचो.

कोर्टात खरं माहीत असलेला माणूस एकच, माझे सीनियर, रामेश्वर तुपे साहेब. त्यांना माहीत होण्याचं कारण एक कोट.

मला सनद मिळाली तेव्हा मायला कळलं की वकिलाला काळा कोट लागतो. ती म्हणाली, काळी लोकर तर आपल्याच घरात हाय. तिनं मेंढरं कातरून घेतली, लोकर पिंजली, सूत कातलं, आणि घोंगड्या विणणाऱ्या सणगराकडून कापड विणून घेतलं. काळी लोकर थोडी कमी पडली म्हणून डाव्या बाहीसाठी एका भुऱ्या मेंढीची लोकर मिसळली. ते कापड काखेत मारून ती एकटी शहरात, शहागंजच्या बाजारात आली. दोन शिंप्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. तिसरा म्हणाला, "अम्मा, ये तो कंबल है. बच्चा पक जाता इसमें." पण त्यानं शिवला. कोट घेऊन ती माझ्या खोलीवर आली तेव्हा तिच्या पायांना चप्पल नव्हती. गर्दीत कुठंतरी अंगठा तुटला म्हणे, म्हणून तिनं ती हातात धरली होती.

तो कोट मी एकदाच घातला. भर एप्रिल महिना. अंगाला टोचत होता आणि घाम फुटला तसा त्याला मेंढरांचा वास सुटला. बाररूममध्ये मागच्या बाकावरून कुणीतरी 'बें' केलं आणि सगळे हसले. मीही हसलो. मला आज त्या हसणाऱ्यांपेक्षा माझ्याच हसण्याचा जास्त राग येतो. ऑफिसात नेऊन तुपे साहेबांनी कपाटातला स्वतःचा जुना कोट मला दिला, आणि माझा कोट त्याच कपाटात टांगून ठेवला.

पुढं एकदा सोयगावच्या कोर्टातून परत येताना आम्ही फर्दापूरला चहाला थांबलो होतो. रस्त्यावरून एक कळप चालला होता, मागं काठी घेतलेली एक बाई. काय झालं कुणास ठाऊक, मी साहेबांना सगळं सांगून टाकलं. कळप, लोकर, भुरी मेंढी, शहागंजातला शिंपी, हातातली चप्पल. साहेब मोठ्या घरातले, त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या जमीन. त्यांनी चहा थंड होऊ दिला आणि शेवटी एवढंच म्हणाले की ही गोष्ट जपून ठेव. मी कोट परत मागितला नाही. मायला सांगितलं की कोट रोज घालतो, वकील लोक विचारतात कुठून आणला. काही वर्षांनी सांगितलं की घालून घालून कोपरांवर फाटला. ती खूश झाली होती. म्हणाली, झिजला म्हंजी कामाला आला.

मालिकेत शेवटची मुलाखत तुपे साहेबांची होती, त्यांच्या घरी. त्यांची मुलगी निशा कॉलेजात शिकवते. तिनं आधीच सांगितलं की बाबा हल्ली इकडचं तिकडं करतात, कधी माणसं ओळखत नाहीत, दादा सांभाळून विचारा. मी नेहमीचा प्रश्न विचारला. गाव, आईवडील. साहेब उठले, आतल्या खोलीत गेले, आणि तो कोट घेऊन आले.

"हा माझ्या आईनं केलाय," ते कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले. "माझी आई मेंढरं राखायची. तिच्यासारखी बाई मी पाहिली नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. शिंप्याचं वाक्य शिंप्याच्याच बोलीत, भुरी मेंढी, चप्पल. मांडीवरच्या कोटावरून हात फिरवत ते बोलत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी पुढचा प्रश्न विसरलो. माझी चीज मी त्यांच्याकडं ठेवायला दिली होती. त्यांनी ती इतकी जपली की ती त्यांचीच झाली. ज्याची होती त्यानं तर कधी मागितलीच नव्हती. मला तिथं बसवेना. कॅमेरा चालू होता म्हणून बसलो.

निशानं चित्रण पाहिलं आणि ती गोंधळली. तिच्या आजीनं उभ्या जन्मात मेंढराला हात लावला नव्हता. तिनं मला सरळ विचारलं, "गोकुळदादा, हे बाबांचं नाही. कुणाचं आहे, तुम्हाला माहीत आहे?"

मी नाही म्हणालो. पटकन, विचार न करता. साक्षीदार असा पटकन नाही म्हणाला की मला लगेच कळतं तो खोटं बोलतोय. निशाला ती सवय नाही. ती म्हणाली, बाबा इतके आनंदात दिसतात, काढून टाकायचा जीव होत नाही. पण ज्याचं हे असेल तो हे दाखवताना समोर बसलेला असला तर त्याला काय वाटेल? मी म्हणालो, एवढं कोण ओळखतंय. मंडळातल्या सगळ्यांना तोच भाग सर्वांत आवडला, आणि मालिकेच्या समारोपाच्या कार्यक्रमात तो दाखवायचं ठरलं.

ओळखणारं माणूस गावाकडं आहे, मोतीबिंदूनं तिला धड दिसत नाही, ती काय येणार आहे, असा माझा हिशोब होता. पण त्याच महिन्यात रूपानं तिला ऑपरेशनला आणलं. डोळा बरा झाला, आणि रूपानंच टुमणं लावलं की तुम्ही स्टेजवर बोलणार आहात तर आत्याबाईंना न्या की, नव्या डोळ्यांनी लेकाला बघतील. नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. कोर्टात तारीख मागायला मी शंभर कारणं देतो.

हॉलच्या दारातच कडुबा भेटला. तो माझ्याच वयाचा, माझ्याच बरोबर वकिलीला लागलेला. मी म्हणालो, ही माझी आई. घरात मी तिला माय म्हणतो, चारचौघांत आई. कडुबानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, गावाकडं कसं काय? तिच्याआधी मीच बोललो की शेतीचं चाललंय निवांत. असं झालं की माय पदर सारखा करते, तसा तिनं केला.

तुपे साहेब पहिल्या रांगेत बसले होते. अंगात तोच कोट. निशानं मला खुणेनं सांगितलं की काढायला ऐकतच नाहीत. मी मायला मुद्दाम मागं बसवलं, पण पडदा मोठा होता आणि तिचा डोळा आता स्वच्छ झाला होता.

गोष्ट सुरू झाली तेव्हा मी पडद्याकडं पाहिलं नाही, मायकडं पाहिलं. भुऱ्या मेंढीचं नाव निघालं तेव्हा ती थोडी पुढं झुकली. कॅमेरा डाव्या बाहीवर गेला तेव्हा तिनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. लोक शिंप्याच्या वाक्याला हसले, चपलेच्या वेळी डोळे पुसायला लागले, आणि संपल्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. माय बसूनच होती. तिनं माझ्याकडं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं बघितलं नाही.

गर्दी पांगायला लागली तशी ती आपणहून उठून पुढं गेली. मी मागं धावलो. ती तुपे साहेबांसमोर उभी राहिली आणि काही न विचारता तिनं कोटाची बाही हातात घेतली. बोटांनी कापड चोळलं. मग कोपर पाहिलं, दुसरं कोपर पाहिलं. नवं कोरं होतं.

"माझ्या आईनं केलाय," साहेब तिला म्हणाले.

"व्हय का," माय म्हणाली. "लई चांगला जपला तुमी."

"ती मेंढरं राखायची."

"मीबी राखते की," ती म्हणाली.

साहेबांनी तिला हात जोडले. माझ्या पाठीमागं कडुबा उभा होता. तो सहज पुढं आला, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. "मावशी, तुमचीपण मेंढरं आहेत?" त्यानं विचारलं.

आता मायनं माझ्याकडं पाहिलं. मला बोलायला पुरेसा वेळ दिला तिनं. एकच वाक्य बोलायचं होतं, हा कोट माझा आहे आणि ही ती बाई आहे. हॉलमध्ये आत्ताच तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या, कुणी 'बें' करणार नव्हतं, हेही मला कळत होतं. निशा बघत होती. इतकी वर्षं मी काय सांगत आलो ते उद्या बाररूममध्ये उलगडलं जाईल, एवढंच मला दिसत होतं.

मायनं वाट बघितली आणि मग कडुबाकडं वळली.

"नाय बाबा," ती म्हणाली. "मी आपली गंमत केली. आमची शेती हाय."

खोटी साक्ष मी खूप पाहिली आहे. पैशासाठी दिलेली, भीतीपोटी दिलेली. माझ्यासाठी कुणी खोटं बोललं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तेही त्या बाईनं, जिला मी लहानपणी मेंढरांचा आकडा खोटा सांगितला म्हणून तिनं काठीनं बडवलं होतं. कडुबा बरं म्हणून निघून गेला. निशा माझ्याकडं बघत राहिली. तिला बहुतेक कळलं.

घरी जाताना गाडीत माय माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ ती रस्त्याकडं बघत होती. मला वाटलं ती रडेल किंवा रागावेल. मी दोन्हीसाठी तयार होतो.

"फाटला म्हनला व्हता तू," ती म्हणाली.

मी गाडी बाजूला घेतली, उभी केली. म्हणालो, "माय, उद्याच जातो. निशाला सगळं सांगतो, कोट मागून आणतो."

तिनं मान हलवली.

"नगं. तिथं त्याला घालनारा हाय."