बसून बोललेलं

पेन्सिल दोन्ही टोकांनी तासायची हे मला डावखुरीनं शिकवलं. एक टोक बोथट झालं की पेन्सिल नुसती उलटी करायची. बोलणारा थांबत नाही, मग आपण का थांबायचं? आमच्या कार्यालयात सगळे मला हसले. "बाई, दुसरं टोक एखाद दिवशी डोळ्यात जाईल," असं हेडसाहेब म्हणाले. पुढे निवृत्त होईपर्यंत मी तशाच पेन्सिली वापरल्या आणि माझे दोन्ही डोळे आजही जागेवर आहेत.

मी सभागृहातली लघुलेखिका. अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या खाली एक लांबट टेबल असतं, तिथे आम्ही आळीपाळीनं बसायचो. पाच मिनिटांची पाळी. पाच मिनिटं कानात प्राण आणून लिहायचं, मग दुसरा येऊन हळूच शेजारी बसतो, आणि आपण वही उचलून मागच्या खोलीत टाइप करायला पळायचं. नोंदीचे नियम आम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यायचे. त्यातला पहिला नियम असा, की उभं राहून, अध्यक्षांच्या परवानगीनं बोललेलं तेवढंच बोलणं. बसून बोललेलं लिहायचं नाही. बसून माणसं काय वाटेल ते बोलतात, आणि खरं सांगायचं तर खरंही तेव्हाच बोलतात.

डावखुरी मला भेटली लघुलेखकांच्या एका परिषदेत. डाव्या हातानं लिहायची, म्हणून मीच तिचं हे नाव ठेवलं. ती तिच्या देशाच्या सभागृहात हेच काम करायची. तिचा देश आणि आमचा देश यांचं तेव्हाही फारसं पटत नव्हतं, पण निदान जेवायला एका टेबलावर बसवायचे. तिला माझी भाषा येईना, मला तिची. आम्ही चार दिवस खाणाखुणांवर काढले आणि इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून भिंत ठोकली जायची. तिची एक खूण मला फार आवडली. मजकूर तपासून झाला की ती समासात एक छोटा आकडा काढायची, गळ असतो ना माशाचा, तसा. दुभाष्यानं सांगितलं, त्याचा अर्थ 'ऐकलं तसं लिहिलं.' आमच्याकडे नुसती सही मारायचे. सहीत ती मजा नाही.

तेव्हापासून दर वर्षी तिच्याकडून पत्र्याचा एक चपटा डबा यायचा. आत बारा पेन्सिली, लोण्यासारख्या मऊ. झाकणावर ती खिळ्यानं वर्ष कोरायची. मी तिला आमच्याकडच्या लिहायच्या वह्या पाठवायचे आणि त्यांच्यासोबत गेल्या वर्षीची थोटकं, म्हणजे मी किती लिहिलं ते तिला कळावं. पत्र कधी नाही, कारण लिहिणार कुठल्या भाषेत? पोस्टमन डबा देऊन गेला की आमचे हे आतून ओरडायचे, "अगं, तुझ्या माहेरचा डबा आला!" मी नाक मुरडायचे, पण मनातून सुखावायचे. माझे आईवडील लवकर गेले. मला आठवणीनं काही पाठवणारं असं दुसरं कुणी नव्हतं.

मग ते बंदीचं विधेयक आलं. त्यांची जहाजं आमच्या समुद्रात फार आत आली होती, आणि त्यांना अद्दल घडवायची तर त्यांचा माल घ्यायचा नाही, आपला द्यायचा नाही, असं ठरत होतं. चर्चा तीन दिवस चालली. एक म्हणाला, त्यांच्या कारखान्यांना कुलपं लागली की आपोआप अक्कल येईल. दुसरा म्हणाला, त्याआधी आपल्या दवाखान्यांतली यंत्रं सुट्या भागांवाचून बंद पडतील, आणि अक्कल आपल्याला येईल. बाकं वाजली. मी लिहीत होते. नवव्या कलमात आलं की त्या देशातून येणारी प्रत्येक वस्तू जप्त होईल, टपालातून आलेलीसुद्धा. तेही मी लिहिलं. हातात तिचीच पेन्सिल होती. हात थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी विरोधी बाकांवरचे सर्वांत म्हातारे सभासद उठले. त्यांना सगळे आजोबा म्हणायचे, अध्यक्षसुद्धा.

"माझी बहीण तिकडे दिलीय," आजोबा म्हणाले. "दर थंडीत ती मला मोजे विणून पाठवते. आता माझे मोजे आल्यानं देशाला काय धोका आहे, ते मंत्र्यांनी सांगावं."

सगळे हसले. विधेयक मांडणारे मंत्रीही हसले, आणि बसल्या जागेवरून हात झटकून म्हणाले, "अहो, घरगुती पार्सलं कोण अडवतंय! या तुमचे मोजे घेऊन."

आणि मी ते लिहिलं.

बावीस वर्षांत बसून बोललेलं एक अक्षर मी लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहून झाल्यावर मला कळलं की मी लिहिलंय. खोडायला हवं होतं, पण माझी पाळी संपत आली होती, शेजारी दुसरा येऊन बसला होता, आणि खरं सांगते, मला खोडायचंच नव्हतं.

मतदानाच्या जरा आधी आजोबा पुन्हा उठले. "मंत्र्यांनी घरगुती पार्सलांचं आश्वासन दिलंय. ते कलमात घाला."

मंत्री उभे राहिले. "मी असं काहीही म्हटलेलं नाही."

गोंधळ सुरू झाला. अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि म्हणाले, "नोंद मागवा." वाद झाला की अशी वही मागवतात. ज्यानं लिहिलं त्यानंच येऊन मोठ्यानं वाचायचं, बाकी एक शब्द बोलायचा नाही.

मी मागच्या खोलीतून वही घेऊन आले. वहीत ते वाक्य नुसतं होतं, मंत्र्यांच्या नावापुढे, उभं राहून बोलल्यासारखं. तसंच वाचलं असतं तर ते आश्वासन ठरलं असतं. आजोबांचे मोजे आले असते, माझा डबा आला असता, आणि कुठल्या तरी आईला तिच्या लेकीचं पार्सल मिळालं असतं. कुणी मला खोटं ठरवू शकलं नसतं, कारण मंत्री ते बोलले होतेच! सगळ्यांनी ऐकलं होतं.

आजोबा माझ्याकडे बघत होते. मी वाचलं, "मंत्रीमहोदय, बसून: अहो, घरगुती पार्सलं कोण अडवतंय."

'बसून' हा शब्द वहीत नव्हता. तो मी पदरचा घातला.

"बसून बोललेलं नोंदीत येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "वगळावं. आणि बाई, तुम्ही ते लिहिलंत कसं?"

मी वही मिटली.

आजोबा शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मग मंत्र्यांनी तेच आता उभं राहून म्हणावं. दोन सेकंदांचं काम आहे."

सगळं सभागृह मंत्र्यांकडे बघायला लागलं. मंत्री समोरचे कागद चाळत बसले. ते उठले नाहीत. न उठण्याची खूण आमच्या लिपीत नाही, त्यामुळे तेही नोंदीत आलं नाही. विधेयक मंजूर झालं.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "नसतं वाचलंस 'बसून', तर काय आभाळ कोसळलं असतं?" मी ताडकन उठून भांडी घासायला घेतली. मला त्यांचा राग आला नव्हता. माझाच आला होता, आणि तो पुढे बरीच वर्षं गेला नाही. शेवटच्या डब्यातल्या पेन्सिली मी बोटात धरता येईनाशा होईपर्यंत पुरवल्या. मग इथल्या वापरल्या. त्या कागद फाडायच्या.

बंदी अकरा वर्षं राहिली. ती उठली तेव्हा मी निवृत्त झाले होते, आणि हेही नव्हते. एका सकाळी पोस्टमननं खोकं आणून दिलं. आत पत्र्याचे चपटे डबे, एकावर एक रचलेले. प्रत्येकावर खिळ्यानं कोरलेलं वर्ष. दर वर्षी तिनं माझा डबा आणून ठेवला होता. मी ते टेबलावर ओळीनं लावले. वर्षं अकरा होती, डबे नऊ होते; शेवटच्या दोन वर्षांचे नव्हते. मी ते पुन्हा मोजले, मग खोकं उलटं करून झटकलं. पाठवणाऱ्याच्या जागी नाव वेगळं होतं, पण आडनाव तिचंच. मुलगी असावी.

पहिल्या डब्यात पेन्सिलींवर वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण होतं, तिच्या भाषेतलं. मी ते घेऊन जुन्या कार्यालयात गेले. तिथल्या अनुवादकानं चष्मा लावून वाचून दाखवलं. "त्यांचा बातमीदार आपल्या सभागृहात बसला होता वाटतं. लिहिलंय की, मंत्री आश्वासन देऊन मोकळे झाले होते, पण दोन्ही टोकांनी तासलेली पेन्सिल हातात धरलेल्या एका लघुलेखिकेनं एक शब्द जास्त वाचला आणि घरगुती टपालही बंद झालं. चेष्टा केलीय हो तुमची."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. त्या पेन्सिलीबद्दल वाचून तिनं मला ओळखलंच असणार. तिचे डबे माझ्यापर्यंत का पोचत नाहीत, कुणाच्या शब्दानं, हे कळूनही तिनं ते आणून ठेवले होते.

"आणि हे काय आहे?" अनुवादकानं कात्रण माझ्यापुढे सरकवलं. "हे छापलेलं नाही. पेन्सिलीनं काढलंय कुणीतरी."

समासात, त्या ओळीच्या अगदी शेजारी, गळासारखा एक छोटा आकडा होता.

मला तिथेच, सगळ्यांदेखत, रडू फुटलं.