पाणी सुटेपर्यंत

चौकातल्या पाण्याच्या चेंबरचं लोखंडी झाकण सरकवताना चावीवाल्याला पुन्हा वहिनींचं पत्र आठवलं. ‘यंदा स्मृतिदिनाला यावं म्हणते. पण एकटीला पुढे उभं राहवायचं नाही. तुम्ही शेजारी उभे राहाल का? तसं कळवा, म्हणजे निघेन.’

फोनवर भाऊजींच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी पत्र पाठवलं होतं. पण कागदावर तरी कुठे फुटत होता? जेवण झालं की तो पेन घेऊन बसे, ‘तीर्थस्वरूप वहिनीस’ एवढं लिही, आणि पुढचं प्रत्येक वाक्य त्याला बावळटासारखं वाटे. असं करता करता स्मृतिदिनाच्या सुट्टीचा दिवस उजाडला आणि पत्र तसंच राहिलं.

नगरपालिकेच्या बंद दारावर सूचना लावलेली होती. कचरागाडी येणार नाही, दाखले मिळणार नाहीत, वाचनालय बंद, पाणी नेहमीप्रमाणे. हे ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे चावीवाला.

जुन्या पुरात पंपघरात अडकून गेलेल्या कामगारांच्या आठवणीसाठी चौकात कारंजं बांधलं होतं. दरवर्षी या दिवशी भोंगा वाजला की कारंजं थांबे आणि सगळं गाव मान खाली घालून उभं राही. पुन्हा पाणी उसळलं की मान वर. घड्याळ कोणी बघायचं नाही, पाणी बघायचं, असा रिवाजच पडून गेला होता. ते पाणी थांबवणारा आणि सोडणारा हात चावीवाल्याचा. कारंज्याजवळच्या शिळेवर कोरलेल्या नावांत त्याच्या थोरल्या भावाचंही नाव होतं. पण ती शांतता त्याने कधी पाहिली नव्हती. खाली चेंबरच्या ओलीत बसून, व्हॉल्व्हचं चाक धरून नुसती ऐकली होती. बरोबरीच्या लोकांना वाटे, याला सुट्टीच्या जादा पगाराची हाव. त्याने ते वाटू दिलं. खाली बरं होतं. खाली कोणी बघत नसे.

“भाऊजी!”

चेंबरमध्ये उतरलेला तो दचकला. झाकणाची कड डोक्याला लागली. वर उजेडात वहिनी उभ्या होत्या, हातात पिशवी, केस पार पांढरे झालेले.

“वहिनी? पण मी... ते पत्र...”

“वाट बघून बघून डोळे दुखले माझे. मग म्हटलं, या माणसाचं ‘हो’ काही पोस्टाने यायचं नाही. जाऊन दंडाला धरूनच आणावं.”

“मला चाक फिरवायचंय.”

“मग फिरवा की. मी काय धरून ठेवलंय? फिरवा आणि या वर.”

“कपडे बघा माझे. सगळा चिखल.”

“तुमचे दादा लग्नात ग्रीसची नखं घेऊन उभे होते माझ्याशेजारी. मला चिखलाचं काय सांगता!”

तेवढ्यात भोंगा वाजला. त्याने सवयीने चाक आवळलं. कारंजं खचत खचत बसलं. तो वर आला, तो वहिनींनी खरोखरच त्याचा दंड धरला आणि त्याला नातेवाइकांच्या पहिल्या रांगेत नेऊन उभं केलं. त्याला एवढंच सुचत होतं, की आपले बूट फार वाजतात.

मग मान खाली घालून तो उभा राहिला. इतक्या माणसांची शांतता अंगाला लागते, हे त्याला माहीत नव्हतं. दादा सायकल शिकवताना मागून पळायचा, तेव्हा पाठीवर त्याचा श्वास लागायचा, तशी.

पलीकडे कोणीतरी खोकलं. एका बाईने कडेवरचं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. नगराध्यक्षांनी एक डोळा उघडून कारंज्याकडे पाहिलं. कारंजं कोरडं. चावीवाल्याच्या तेव्हा ध्यानात आलं. चाक खाली, आणि चाक फिरवणारा वर!

कोणी मान वर करेना. कशी करणार? पाणी सुटलं नव्हतं.

“भाऊजी,” वहिनी पुटपुटल्या, “पाणी?”

सगळ्यांच्या देखत मोकळा चौक ओलांडून जायचं, या कल्पनेने एरवी तो जागचा हलला नसता. पण आत्ता तो थांबला तो त्यासाठी नाही.

“राहू द्या थोडं, वहिनी. मी आत्ताच आलोय.”

वहिनींनी त्याची बाही घट्ट धरली. पुष्कळ वेळाने ती त्यांनीच सोडली. तेव्हा तो निघाला. बूट वाजत होते, माना वळत होत्या. त्याने वाजू दिले, वळू दिल्या. खाली उतरून त्याने चाक सावकाश उघडलं.

तो वर येतो तोच नगरपालिकेचे तरुण इंजिनिअरसाहेब धावत आले.

“काय हो, अडकलं होतं का? नगराध्यक्ष विचारतायत. अडकलं होतं म्हणा, मिटवून टाकू.”

“अडकलं नव्हतं साहेब. मी वर उभा होतो.”

“वर? तुमचं वर काय काम?”

“भाऊ आहे माझा शिळेवर.”

साहेबांनी शिळेकडे पाहिलं, मग त्याच्या चिखलाच्या कपड्यांकडे. “इतकी वर्षं बोलला नाहीत कधी.”

“कोणी विचारलं नाही.”

“बरं, मग पुढच्या वर्षी खाली कोण?”

“तुम्ही उतरा,” वहिनी मागून म्हणाल्या. “वयाने लहान आहात.”

साहेब हसले. “शिकवा मग मला,” ते चावीवाल्याला म्हणाले, आणि नगराध्यक्षांकडे गेले.

दुपारच्या गाडीला वहिनींना बसवताना तो म्हणाला, “पत्राचं उत्तर राहिलंच.”

“लिहा की. दारात पोस्टमन थांबलेला मला आवडतो.”

घरी येऊन तो बसला. ‘तीर्थस्वरूप वहिनीस’ या शब्दांपुढे आता फार काही सुचायची गरज पडली नाही. ‘हो. उभा राहीन. दर वर्षी,’ एवढं लिहून त्याने पाकीट चिकटवलं आणि तसाच कोपऱ्यापर्यंत चालत गेला. सुट्टीच्या दिवशी कोणी काही टाकलं नव्हतं; टपालपेटी रिकामी होती. पाकीट तळाला टेकल्याचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला.